माळ्यावरची सतरा खोकी : प्रकल्प नोंदी

८ जून २०२४, शनिवार

काम सुरू. जागा : कोथरूड, काकांचं घर, चौथा मजला. हजर : काका (वय ७८), काकू, मी आणि स्कॅनर. पावसाने पहिल्याच दिवशी झोडपून काढलं. स्कॅनर रेनकोटात गुंडाळला आणि मी तशीच भिजत आले.

माळ्यावरून अठरा खोकी उतरवली. काकूंच्या मते सोळाच, दोनांत दिवाळीचे कंदील आहेत. उघडून पाहिलं. एकात खरंच कंदील. दुसऱ्यात कंदिलाखाली निगेटिव्हची पाकिटं. म्हणजे सतरा.

आत वह्या, स्लाइडी, निगेटिव्ह, सायक्लोस्टाइल केलेली वार्तापत्रं, आंतर्देशीय पत्रं, कड्यांची पेन्सिलीने काढलेली रेखाटनं आणि तळाशी गंजलेल्या मेखा. साठच्या दशकाच्या शेवटापासून इकडच्या पोरांनी सह्याद्रीचे कडे आणि सुळके कसे चढले, त्याचा हा सगळा ऐवज. हे कुणी सांगितलेलं काम नाही, पगार नाही, अनुदान नाही. मी वीस वर्षं क्लायंबिंग करतेय, आणि त्यातल्या निम्म्या चढायांची माहिती मला काकांच्या झेरॉक्सवरून मिळालेली आहे. ती परत करायची एवढंच.

काकांनी बसल्याबसल्या विचारलं, "आज तारीख काय?" आठ जून. "शंभर वर्षं झाली," म्हणाले. ८ जून १९२४ रोजी दुपारी १२ वाजून ५० मिनिटांनी ब्रिटिश मोहिमेतल्या ओडेलला ढगांच्या फटीतून एव्हरेस्टच्या धारेवर त्याचे जोडीदार मॅलरी आणि आयर्विन ठिपक्यांसारखे दिसले, मग ढग मिटले. ते दोघं परत आले नाहीत. "ते नेमके कुठल्या टप्प्यावर दिसले, हे ओडेलने पुढे स्वतःच बदलून सांगितलं. अख्खं जग शंभर वर्षं त्यावर भांडतंय. म्हणून वही खिशात ठेवायची, घरी नाही."

पहिल्या दिवसाचं काम : शून्य स्कॅन, तीन कप चहा, खोक्यांना आकडे.

१५ जून

पद्धत ठरवायची होती. मी घरून तक्ता करून नेला होता : वर्ष, ठिकाण, संस्था, माणसं, वस्तूचा प्रकार. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून तो वाचला. "छान आहे. पण माझी खोकी अशी लावलेली नाहीत."

खोकी दोरांप्रमाणे लावलेली आहेत. हे समजायला मला अर्धा तास लागला आणि पचायला त्याहून जास्त. पहिलं खोकं 'मनिला', म्हणजे वनस्पतीच्या धाग्यांचा जुना दोर. मग 'पांढरा नायलॉन', 'लाल', 'निळा', 'पिवळा'. प्रत्येक दोराची एक वही. कुठे घेतला, किती फुटी, किती रुपये, कुठल्या कड्यावर पहिल्यांदा लागला, त्यावर कोण कितींदा पडलं, कुठे धारेवर घासला, कधी बाद केला. दोर बाद झाला की खोकं बंद. त्या दोराने केलेल्या सगळ्या चढायांची कागदपत्रं त्याच खोक्यात.

मनिलाच्या वहीचं पहिलं पान : बोहरी आळीतून घेतला, दुकानदाराने विहिरीसाठी पाहिजे का म्हणून विचारलं, हो म्हटलं. शेवटचं पान : 'आतून कुजला. वरून कळत नाही. मधोमध पिळून पाहावा.' मनिला पाणी पितो, जड होतो आणि नेमका आतल्या बाजूने सडतो. तेव्हा हार्नेस नव्हते. हाच दोर कमरेला बोलाइनची गाठ मारून बांधायचा आणि पडलं की बरगड्यांनी झेलायचं. पांढऱ्या नायलॉनचं शेवटचं पान नुसतं एका ओळीचं आहे : 'कपडे वाळत घालण्यास घरी दिला.' बाल्कनीत पाहिलं. अजून आहे.

मी वर्षांचा हट्ट धरला, काकांनी दोरांचा. काकूंनी थालीपिठं आणली. तह असा झाला : तक्ता माझा, पण त्यात 'दोर' हा एक रकाना जास्तीचा. मनातून मला तो निरुपयोगी वाटत होता, हे इथे लिहून ठेवते.

२२ जून

स्लाइडी. पुण्याच्या पावसाळ्यांनी त्यांचं काय केलंय ते पाहून वाईट वाटलं. बुरशीची जाळी, कोळ्याच्या जाळ्यासारखी, नेमकी आकाशावर. ओर्वोच्या रंगीत फिल्मचे रंग पार विटकरी झालेत, सगळा सह्याद्री कायमच्या मे महिन्यात गेल्यासारखा दिसतो. त्याच काळातले क्लिक थ्रीने काढलेले कृष्णधवल फोटो मात्र ठणठणीत. चौकोनी, एका रोलला बारा. पूर्व जर्मनीच्या रंगांपेक्षा आपला डबडा कॅमेरा टिकला, याचा काकांना उगाचच अभिमान.

स्लाइडी ३२०० डीपीआयला, मूळ प्रत टिफमध्ये. बुरशी पुसायची नाही, आधी आहे तशी स्कॅन करायची. पुसताना चित्रच निघून येतं. हे मी एका स्लाइडीवर शिकले. ती स्लाइड कुठली, ते काकांना सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

आणि आता 'दोर' या रकान्याबद्दल. एका डबीत चौसष्ट स्लाइडी, ना तारीख ना जागा. मी 'अज्ञात' म्हणून बाजूला ठेवत होते. काकांनी एकेक उजेडाला धरली. "लाल. लाल. लाल. निळा." लाल दोर १९७९ ला घेतला, १९८४ ला बाद झाला. बावन्न स्लाइडी पाच वर्षांच्या आत येऊन बसल्या. उरलेल्या निळ्याच्या. माझ्या तक्त्यातल्या एकाही रकान्याला हे जमलं नसतं.

२९ जून

उद्या पालख्या पुण्यात. काम फक्त दोन तास. पत्रं उलगडली, टाचण्या काढल्या. गंजलेली टाचणी ओढायची नाही, कागदासकट येते.

६ जुलै

काकांची प्रश्नावली सापडली. सायक्लोस्टाइल केलेली, एका पानाची, अकरा प्रश्न. कुणी नवा सुळका केला असं कानावर आलं की काका ही पोस्टाने पाठवत, सोबत पत्ता लिहिलेलं आणि तिकीट लावलेलं पाकीट. वर कोण पोचलं, हा प्रश्न सातवा. पहिला प्रश्न : 'पाणी कुणी दाखवलं?' चौथा : 'परत कोण फिरलं आणि कुठून?' नववा : 'किती मेखा वर राहिल्या?'

ही कल्पना कुठून आली, असं विचारल्यावर काका एलिझाबेथ हॉली बाईंवर बोलत सुटले. शिकागोची पत्रकार, १९६० साली काठमांडूत येऊन राहिली, स्वतः एकही शिखर चढली नाही, आणि २०१८ साली चौऱ्याण्णवाव्या वर्षी गेली तोवर नेपाळातल्या मोहिमांची सर्वात भरवशाची नोंद तिच्याकडे होती. मोहीम हॉटेलात उतरली की बाईंचा फोन. जाताना एकदा प्रश्न, आल्यावर पुन्हा प्रश्न. शिखरावरून काय दिसलं, डावीकडे काय होतं, तुझ्या आधी कोण उतरलं. उत्तरं जुळली नाहीत तर चढाईपुढे 'वादग्रस्त' असा शेरा. काकांच्या तोंडून हे ऐकताना जाणवलं की त्यांना बाईंचा दरारा आवडतो, पण त्यांचा स्वतःचा स्वभाव तसा नाही. त्यांच्या प्रश्नावलीला कुणी थापा मारल्या तर ते शेरा मारत नाहीत, दुसरं पाकीट पाठवतात.

शिखरांच्या बातम्यांची फाइल एकच आहे, आणि तीही पातळ. गिरिविहारची १९८८ ची कांचनजुंगा मोहीम, १९९८ ला सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले तेव्हाची कात्रणं, २०१२ ची गिरिप्रेमीची एव्हरेस्ट मोहीम. एवढीच? "ते सगळ्यांकडे आहे गं. पेपरात आलंय, हारतुरे झालेत. ते हरवणार नाही." परत फिरलेल्यांच्या फायली सहा आहेत. जाड.

१३ जुलै

काल बारा जुलै होती. माझ्या लक्षात नव्हतं. काकांच्या होतं.

मी आज जरा तावातावानेच गेले होते, कारण यादी करताना असं लक्षात आलं की खोक्यांतल्या बऱ्याच मूळ वस्तू खोक्यांत नाहीतच. एक उधारीची वही आहे. कुणी काय नेलं, कधी नेलं, आणलं की काट. १९७४ पासूनच्या नोंदी. मी मोजल्या तर काट न मारलेल्या एकशे बत्तीस. सांगली, नाशिक, ठाणे, एक तर थेट मँचेस्टर. मूळ निगेटिव्ह, मूळ रेखाटनं, कुणालाही. मी म्हटलं, "काका, हा ठेवा तुम्ही उधळलाय."

ते रागावले नाहीत. त्यांनी पानशेतची गोष्ट सांगितली. पुण्यात ती प्रत्येक घरात सांगतात, पण ही मी ऐकलेली नव्हती. १२ जुलै १९६१. काका पंधरा वर्षांचे, वाडा नारायण पेठेत नदीच्या बाजूला. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासला. लकडी पूल पाण्याखाली गेला. घरचे सगळे वाचले. पण थोरल्या भावाची पत्र्याची ट्रंक गेली. भाऊ आणि त्याचे तीन मित्र पन्नासच्या दशकात सिंहगड, राजगड, तोरण्याच्या आडवाटांवर दोर घेऊन जायचे, आणि भाऊ फोटो काढायचा, वही लिहायचा. सगळं त्या ट्रंकेत. गाळातून ट्रंक मिळाली, झाकण उघडं.

त्या सगळ्यातला एक फोटो आज शिल्लक आहे. सिंहगडाच्या कड्याला चिकटलेला एक माणूस, तोंड दिसत नाही. तो उरला, कारण भावाने त्याची एक प्रत मिरजेच्या मावशीला पाठवली होती. मावशीने ती देवघरात लावलेली होती.

"ट्रंकेतलं सगळं गेलं. मावशीचं राहिलं," काका म्हणाले, आणि उधारीची वही माझ्या हातातून काढून घेतली.

जाताना जिना उतरता उतरता लक्षात आलं की हे घर चौथ्या मजल्यावर का आहे.

२५ जुलै, गुरुवार

हा कामाचा दिवस नव्हे, पण नोंद हवी. रात्रभर पाऊस. खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेक्सच्या आसपास पाणी सोडलं, सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पहाटे तळमजले भरले. तिथे आमचा एक पोरगा भाड्याने राहतो, क्लायंबर, वय तेवीस. 'निळा' खोक्यातली निगेटिव्ह त्याने मेमध्ये नेली होती, उधारीच्या वहीत नोंद आहे. सकाळी सहाला त्याचा मला फोन. रडत होता. खोकं पाण्यात.

मी काकांना फोन केला. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, पोरं कुठे आहेत, वर गेली का. मग म्हणाले, जेवायला इकडे पाठव. खोक्याचं नाव तिसऱ्या फोनला काढलं.

मला मात्र ते पहिल्या मिनिटापासून डोक्यात होतं. आता लिहिताना लाज वाटते.

२७ जुलै

निगेटिव्ह वाचवण्याचा दिवस. पुढे कुणाला लागेल म्हणून सविस्तर लिहिते.

भिजलेली निगेटिव्ह उन्हात वाळवायची नाहीत. जिलेटिनचा थर पाण्याने फुगलेला असतो, वाळताना पाकिटाला चिकटतो आणि मग कधीच सुटत नाही. पोराने नेमकं बरोबर केलं होतं. काही सुचेना म्हणून खोकं तसंच, ओलंच, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणलं होतं. काकूंच्या दोन बादल्या, स्वच्छ गार पाणी. पट्ट्या पाण्यातच पाकिटातून सोडवल्या. गाळ बोटाने चोळायचा नाही, पाणी बदलत राहायचं, चार-पाच वेळा. मग न्हाणीघरात कपड्यांच्या चिमट्यांनी उभ्या टांगायच्या, एकीला दुसरी लागता कामा नये. पंखा बंद, धूळ बसते. चिकटलेले छापील फोटो सोडवायला वेळ नव्हता, ते पिशव्यांत घालून थेट फ्रीजरमध्ये. गोठले की बुरशी धरत नाही, नंतर सवडीने एकेक काढता येतात. काकूंनी फ्रीजरमधले मटार आम्हाला रात्री खायला घातले.

पोरगा दिवसभर पाणी बदलत होता. त्याचं स्वतःचं घर गाळात, आणि हा इथे. मी दोनदा जा म्हटलं. गेला नाही.

३ ऑगस्ट

हिशेब : ४१ पट्ट्यांपैकी ३७ वाचल्या. ज्या चार गेल्या त्यांत कळकराय सुळक्याचा एक पूर्ण दिवस होता. उधारीच्या वहीत शोधलं. १९९४, नाशिक, 'कळकराय, कॉन्टॅक्ट प्रिंट, १ संच', म्हणजे निगेटिव्हच्याच मापाचे छापील फोटो. काट नाही. फोन लावला. पलीकडच्या माणसाने 'तीस वर्षं झाली, लाज वाटते' असं म्हणत कालच कुरियर केलं. काकांनी आज पाकीट उघडलं, संच पाहिला आणि म्हणाले, स्कॅन करून परत पाठव त्याला.

मी काही बोलले नाही.

१७ ऑगस्ट

'लाल' वही, पान ५८. हे पान जसंच्या तसं उतरवते (बिले म्हणजे चढणाऱ्याचा दोर धरून त्याला सांभाळणं) :

'बिलेवर मी होतो. दोर कमरेभोवती. खालच्या मंडळींशी बोलत होतो, विषय क्रिकेट. वरून हाक आली ती ऐकली नाही. पडला तेव्हा दोर सैल होता. वीस फूट खाली आला, मनगट मोडलं. दोराचा दोष नाही. मेख टिकली. चूक माझी.'

खाली सही आणि तारीख. हे पान पुढच्या महिन्याच्या वार्तापत्रात त्यांनी स्वतःच छापलं होतं, नावासकट. ज्याचं मनगट मोडलं त्याने नंतर लिहिलेलं पत्रही खोक्यात आहे. त्यात तो म्हणतो, एवढं जाहीर करायची गरज नव्हती, आता माझ्या आईने डोंगर बंद केलाय.

क्लायंबिंगमध्ये अपघाताची बातमी दोन प्रकारे फिरते. एक तर दगड सुटला, किंवा नशीब खराब. दगड सुटतात हे खरंच. आपला कातळ लाव्हाच्या थरांचा, चांगल्या दगडाचा पट्टा संपला की मुरमाड थर येतो, त्यावर गवत, आणि हाताला आलेली पकड हातातच राहते. पण वीस वर्षांत मी जेवढे अपघात जवळून पाहिले, त्यातल्या निदान निम्म्यांत दगडाचा काही संबंध नव्हता. तसं लिहिलेलं पान मी आज पहिल्यांदा वाचलं.

१४ सप्टेंबर

गणपती. काकूंकडे दहा दिवसांचा. खोकी पुन्हा माळ्यावर, कारण आरतीला माणसं मावत नाहीत. काम नाही. मोदक आहेत.

२१ सप्टेंबर

'पहिली चढाई कुणाची' या फायली. डोकं उठलं.

एका सुळक्यावर दोन संस्थांचा दावा. सुळक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, भांडण अजून जिवंत आहे. दोन्हीकडची पत्रं काकांकडे आहेत आणि दोन्हीकडच्या लोकांना वाटतं की काका आपल्या बाजूचे. मी विचारलं, खरं कोण? त्यांनी नुसती नववी ओळ दाखवली. किती मेखा वर राहिल्या? एकांनी लिहिलंय सात, दुसऱ्यांनी लिहिलंय एकही नाही, आणि तिसऱ्याच एका तुकडीने दोन वर्षांनी वर जाऊन मोजल्या त्या चार. "कुणीच अगदी खोटं बोलत नाही, आणि कुणालाच मोजता येत नाही." तक्त्यात तिन्ही आकडे लिहिले.

यावरून सेरो तोरे निघालं. पाटागोनियातलं ते बर्फाने माखलेलं शिखर आपण १९५९ ला सर केलं, असं चेझारे माएस्त्री मरेपर्यंत सांगत राहिला. त्याचा जोडीदार टोनी एगर उतरताना मेला, आणि कॅमेरा त्याच्याबरोबर गेला. लोकांनी शंका घेतली तेव्हा माएस्त्री १९७० ला चिडून परत गेला आणि कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या ड्रिलने शेकडो बोल्ट ठोकत चढला, तेही अगदी माथ्यावरच्या बर्फापर्यंत नाही. २००५ साली तिघेजण त्या जुन्या वाटेच्या बाजूने वर गेले. त्याने सांगितलेल्या वरच्या टप्प्यांत चढाईची एकही खूण सापडली नाही. काकांना माएस्त्रीचा राग नाही, कीव येते. "कुणीतरी तेव्हाच बसून त्याला शांतपणे अकरा प्रश्न विचारायला हवे होते."

मग लिंगाणा. मी तक्त्यात 'पहिली चढाई' म्हणून एका तुकडीचं नाव टाकलं होतं. काकांनी ते खोडलं. लिंगाण्यावर टाकी आहेत, गुहा आहे, कातळात खोदलेल्या पायऱ्यांचे अवशेष आहेत. शिवकाळात तिथे माणसं राहत होती, कैदी ठेवत होते. मग पहिले आपण कसे? ढाकच्या बहिरीला गावकरी देवाला जातात, त्या कातळातल्या पावठ्या काही कुणा क्लबने खोदलेल्या नाहीत. मध काढणारे कुठे कुठे उतरतात ते तर मोजायलाच नको. रकान्याचं नाव बदललं : 'दोर लावून केलेली पहिली नोंदलेली चढाई'. लांबलचक आहे, पण काकांच्या पसंतीचं.

'घोरपड' नावाचीही एक फाइल आहे. पोवाड्यातल्या यशवंतीवर जो जे लिहील ते काका कात्रण करून ठेवतात. घोरपड होती की नव्हती, या वादात ते पडत नाहीत. फाइलवर फक्त एक प्रश्न पेन्सिलीने : 'वर दोर कशाला बांधला?' १६७० च्या त्या माघ वद्य नवमीच्या रात्री तानाजीच्या माणसांपैकी जो पहिला वर पोचला, त्याने बाकीच्यांसाठी दोर कुठल्या दगडाला अडकवला, एवढंच त्यांना जाणून घ्यायचंय.

१२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी काकांकडे पूजा. पाटावर हातोडी, मेखा, चार जुने कॅराबिनर (दोर अडकवायच्या कड्या), पिवळ्या दोराचा वेटोळा, आणि या वर्षी स्कॅनर. स्कॅनरला झेंडूचं फूल. काच नीट पुसून घेतली, हळद सांडते.

बातमी कालच आली होती. एव्हरेस्टच्या उत्तरेला, मध्य रोंगबुक हिमनदीवर, गेल्या महिन्यात एक बूट सापडला. आत पाय, पायात मोजा, मोज्यावर नावाची पट्टी शिवलेली : ए. सी. आयर्विन. मॅलरी १९९९ च्या १ मे रोजी सापडला होता. आयर्विनचा माग शंभर वर्षांनी, आणि तोही एवढाच. त्यांच्याजवळचा कॅमेरा नाहीच. माथ्यावर पोचले होते का, हे बूट सांगू शकत नाही.

काका पुन्हापुन्हा त्या मोज्यावर येत होते. ओडेलचे ठिपके, एवढी पुस्तकं, एवढे तर्क, आणि ओळख पटवली ती कुणीतरी घरी बसून घातलेल्या चार टाक्यांनी. काकू आपट्याची पानं देत होत्या. म्हणाल्या, "ते टाके कुणी घातले, त्याचं नाव कुठे लिहिलंय का?"

काका म्हणाले, माहीत नाही.

"बघा," म्हणाल्या, आणि श्रीखंडाचं पातेलं आणायला गेल्या.

९ नोव्हेंबर

दसऱ्यापासून ते डोक्यात होतं म्हणून वह्या पुन्हा पाहिल्या. वह्यांमध्ये दोन हस्ताक्षरं आहेत. एक काकांचं, उताराला लागलेलं. दुसरं सरळ, गोल, शिरोरेघ पूर्ण. मी जूनपासून दुसऱ्याला 'पक्की प्रत' म्हणत होते आणि कुणाची हे विचारलंच नव्हतं.

काकूंची. डोंगरावरून आलेली वही पावसाने, घामाने वाचण्यासारखी उरायची नाही. रविवारी रात्री काका झोपायचे, सोमवारी बँकेतून आल्यावर काकू बसून ती उतरवून काढायच्या. स्टेन्सिलही त्याच कापायच्या. सतरा खोक्यांमध्ये, जिथे पाणी दाखवणाऱ्या गुराख्याचंही नाव आहे, तिथे काकूंचं नाव एकदाही नाही. मी हे काकांना सरळ म्हटलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "प्रश्नावलीत तो प्रश्नच नव्हता."

हे मला पटलं नाही, आणि मी तसं म्हटलंही.

'पक्की प्रत' हा नवा रकाना. काकूंची अट : नाव घालायचं तर आधी त्यांनी त्या काळी केलेल्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करू द्यायच्या. तसं करता येत नाही, मूळ आहे तसं ठेवावं लागतं, असं मी समजावलं. त्यांना हा नियम अजिबात आवडलेला नाही.

७ डिसेंबर

तैलबैला. काका, मी, आणि एकतानगरीचा पोरगा गाडी चालवायला. लोणावळ्यावरून ॲम्बी व्हॅलीच्या रस्त्याने. वळण संपलं की त्या दोन भिंती एकदम पुढे उभ्या राहतात, कितींदा पाहिल्या तरी पोटात काहीतरी होतं. मधली खाच, खाचेत भैरवनाथ आणि पाण्याचं टाकं. काका खाचेपर्यंत चढले, काठी घेऊन, दर दहा मिनिटांनी बसत. पलीकडे सुधागड स्वच्छ दिसत होता.

काम दोन. पहिलं : त्यांच्या रेखाटनावरून जुने बोल्ट शोधायचे. मी आणि पोराने एक वाट चढून खाली-वर केली. रेखाटनात अकरा खुणा, आम्हाला आठ मिळाले. साध्या पोलादाचे, कोकणाकडून येणाऱ्या दमट वाऱ्याने खाल्लेले. एकाची पट्टी बोटाने हलवली तर पापुद्रे सुटले. अलीकडे जुने काढून स्टेनलेस स्टीलचे बसवायचं काम काही मंडळी करतात. त्यांना कुठला बोल्ट किती जुना हे कळणं गरजेचं, आणि ते या पेन्सिलीच्या कागदाशिवाय कळणार नाही. कागदावर प्रत्येक खुणेशेजारी तारीख आहे. ज्याने ठोकला त्याचं नाव आहे. कुठे हातोडी कमी बसली तेही आहे.

दुसरं : 'लाल' खोक्यातला एक फोटो. पाच क्लायंबर आणि कडेला एक मुलगा, आठ-दहा वर्षांचा, डोक्यावर हंडा. मागे काकांनी लिहिलंय : 'पाणी याने आणलं. पडलेली हातोडी याने शोधून दिली. नाव लिहून घ्यायचं राहिलं.' गावात ओटीवर फोटो फिरला. एक आजी म्हणाल्या, हा माझा दीर, मुंबईला गिरणीत गेला, तिकडेच वारला. शेजारच्या बाबांचं म्हणणं, छे, हा आमच्या आळीतला, कान बघा ना. आजींना कान मान्य नव्हते. अर्धा तास जोरात चर्चा. तिसऱ्या माणसाने दोन्ही नाकारली, पण स्वतःचं नाव सुचवलं नाही.

मी काकांकडे पाहिलं. "दोन्ही नावं लिही. कोण काय म्हणालं तेही लिही. कानाचंही लिही."

फोटोच्या दोन प्रती छापून नेल्या होत्या. एक आजींना दिली, एक बाबांना.

१४ डिसेंबर

स्थिती : सतरापैकी बारा खोकी पूर्ण. सगळ्याच्या तीन प्रती. एक काकांकडे, एक माझ्याकडे, एक नाशिकला त्या कॉन्टॅक्ट प्रिंटवाल्यांकडे. त्यांनी आपणहून मागितली. 'पिवळा' आणि पत्रांची चार खोकी जानेवारीत.

दुपारी एक मुलगी आली, साताऱ्याहून, वीस-एकवीसची, पाठीवर सॅक. जीवधनच्या वानरलिंगीची जुनी वाट हवी होती. मी लॅपटॉप उघडून स्कॅन शोधत होते तोवर काकांनी खोक्यातून मूळ रेखाटन काढून तिच्या हातात दिलं. मी तोंड उघडणार होते. काकांनी उधारीची वही पुढे सरकवली, पेन दिलं.

तिने नाव लिहिलं, तारीख लिहिली. मग विचारलं, "परत कधीपर्यंत आणू?"

"आधी एक प्रत काढून दुसऱ्या कुणाला दे," काका म्हणाले. "मग आण."